आवाजाने दिलेला शॉर्टकट कधी चालतो, कधी नाही: दोष नेमका कुठे शोधायचा?

लक्षण असं आहे. एके दिवशी "जतन" म्हटलं की वर्डमधली फाइल मुकाट सेव्ह होते. दुसऱ्या दिवशी तेच म्हटलं तर काहीच होत नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की पुन्हा ठीक. दोन दिवसांनी परत तेच रडगाणं. माइक बदलला, हेडफोन बदलला, शब्द सावकाश उच्चारून पाहिला, मोठ्याने म्हणून पाहिला, तरी फरक नाही.

मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. दिवसाला दीड-दोनशे वेळा कंट्रोल एस, कंट्रोल झेड, कंट्रोल एच दाबायचं हे काम. गेल्या वर्षी उजव्या मनगटाने असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी सांगितलं की टायपिंग एकवेळ चालेल, पण करंगळीने कंट्रोल धरून दुसरं बोट ताणणं आता बंद. तेव्हा भाच्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम, लिहून दिली. ती माइकवरचा ठरावीक शब्द ऐकते आणि त्याच्या जागी शॉर्टकट पाठवते. ऐकण्यासाठी तिच्यात व्होस्क हे मोफत, इंटरनेटशिवाय चालणारं साधन आहे. खाली जे लिहिते आहे ते ही व्यवस्था आठ-नऊ महिने रोज वापरून, बिघडवून आणि दुरुस्त करून हाती आलेलं आहे. तुम्ही दुसरं साधन वापरत असाल तरी दोष शोधायची रीत तीच राहते.

ज्यांचे हात दुखतात त्यांना अशा वेळी पहिला सल्ला हमखास मिळतो तो "उच्चार नीट करा" हा. मला तो फार लागतो. माझ्यापुरतं सांगायचं तर दहातल्या सात वेळा उच्चाराचा काही संबंध नव्हता. शब्द बरोबर ऐकला गेला होता, बरोबर ओळखलाही गेला होता. बिघाड त्याच्या पुढे होता.

म्हणून आधी हे ठरवायचं की साखळी कुठे तुटली. आवाज माइकपर्यंत पोचतो, ओळखणारं साधन त्याचा शब्द करतं, मग त्या शब्दाचं बटण होऊन समोरच्या खिडकीत जातं. हे तीन टप्पे वेगळे तपासल्याशिवाय कशालाही हात लावू नका, नाहीतर चांगलं चालणारंही बिघडतं.

तपासायला मी नोटपॅड वापरते. रिकामं नोटपॅड उघडायचं, त्यात एकदा क्लिक करायचं आणि एका कमांडला फक्त एफ५ हे बटण जोडायचं. नोटपॅडमध्ये एफ५ दाबलं की तारीख आणि वेळ उमटते. तुम्ही कमांड म्हटली आणि तारीख उमटली, तर माइक ठीक, ओळख ठीक, बटण पाठवणंही ठीक. तिन्ही टप्पे एका झटक्यात मोकळे झाले. तारीख उमटली नाही तर स्क्रिप्टच्या काळ्या खिडकीत बघायचं. शब्द तिथे छापलेला दिसतो आहे का? दिसत असेल तर ऐकण्याचा दोष नाही. दिसत नसेल किंवा भलताच दिसत असेल, तरच माइककडे आणि शब्दांकडे वळायचं.

एफ५ मुद्दाम निवडलं, कारण ते अक्षराचं बटण नाही. हे का महत्त्वाचं, ते पुढे येतंच.

मराठी लिहिणाऱ्यांना छळणारा खरा दोष

माझ्याकडे एफ५ दर वेळी चालायचं. "जतन" मात्र कधी चालायचं, कधी नाही. काळ्या खिडकीत शब्द ठळक दिसायचा. भाच्याला फोन केला तेव्हा त्याने दोनच प्रश्न विचारले.

"मावशी, कमांड चालत नाही त्याच वेळी हाताने कंट्रोल एस दाबलंस तर सेव्ह होतं का?"

"होतं की."

"आणि तेव्हा खाली उजवीकडे काय लिहिलेलं असतं? ईएनजी की मराठी?"

मराठी. दर वेळी मराठी. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण हाताने दाबताना मला त्याचा कधी त्रास झाला नव्हता.

कारण असं आहे. इन्स्क्रिप्ट लेआउट, म्हणजे मराठी अक्षरांची कीबोर्डवरची प्रमाण मांडणी, चालू असताना कीबोर्डवरच्या एस या बटणावर एकाराची मात्रा असते, डी वर हलन्त, एच वर प, के वर क. पण विंडोजच्या लेखी त्या बटणाची ओळख बदललेली नसते. त्याचा आतला क्रमांक इंग्रजी लेआउटमध्ये ८३ असतो आणि इन्स्क्रिप्टमध्येही ८३च. तुम्ही बोटाने कंट्रोल धरून ते बटण दाबता तेव्हा वर्डला ८३ मिळतो आणि फाइल सेव्ह होते.

स्क्रिप्टकडे बोट नसतं. तिला आपण सांगितलेलं असतं, "कंट्रोल आणि एस पाठव." मग बटणं पाठवणारी लायब्ररी (स्क्रिप्टने वापरलेला, दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला तयार कोड) विंडोजला विचारते, "एस हे अक्षर या लेआउटमध्ये कोणत्या बटणावर आहे?" इन्स्क्रिप्टमध्ये रोमन एस कुठेच नाही. विंडोज उत्तर देतं, नाही. आणि लायब्ररी एकतर गप्प बसते किंवा अर्थहीन क्रमांक पाठवते. पडद्यावर कसलाही इशारा येत नाही. म्हणून आपल्याला वाटतं की यंत्राने ऐकलंच नाही.

रशियन, ग्रीक लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होतो, कारण त्यांच्या लेआउटमध्येही रोमन अक्षरं नसतात. जर्मन किंवा फ्रेंच लिहिणाऱ्याला हे इतकं जाणवत नाही. बहुतेक मार्गदर्शनं इंग्रजीत काम करणाऱ्यांनी लिहिलेली असल्यामुळे हा मुद्दा त्यांत सापडत नाही, आणि आपण माइकमागे पळत राहतो.

मग कधी चालतं आणि कधी नाही, याचं काय? त्यालाही उत्तर आहे, आणि त्यावरून तुमची लायब्ररी कोणत्या जातीची ते कळतं. काही लायब्रऱ्या सुरू होतानाच एकदा अक्षर-बटणांचा तक्ता बनवतात आणि बंद होईपर्यंत तोच वापरतात. माझी अशीच होती. स्क्रिप्ट सुरू झाली तेव्हा इंग्रजी असेल तर दिवसभर सुरळीत, मराठी असेल तर दिवसभर एकही अक्षरी शॉर्टकट नाही. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की साइन-इनच्या वेळी इंग्रजी असायचं, म्हणून रीस्टार्टने बरं वाटायचं. आजार मात्र तसाच होता. दुसऱ्या जातीच्या लायब्रऱ्या दर वेळी नव्याने विचारतात. त्यांचं लक्षण वेगळं: मराठी परिच्छेद लिहिताना चालत नाही, मध्येच इंग्रजी शब्दासाठी लेआउट बदलला की लगेच चालतं.

इलाज एका वाक्यात: अक्षर पाठवू नका, बटणाचा क्रमांक पाठवा. विंडोजमध्ये ए ते झेड या बटणांचे क्रमांक ६५ ते ९० असे ओळीने आहेत. सी ६७, एफ ७०, एच ७२, एस ८३, व्ही ८६, झेड ९०. शिफ्ट १६, कंट्रोल १७, ऑल्ट १८. सेव्हसाठी स्क्रिप्टने १७ खाली दाबायचं, ८३ खाली, मग ८३ सोडायचं आणि शेवटी १७ सोडायचं. पायथनमधून हे थेट विंडोजच्या युजर३२ या फाइलमधल्या फंक्शनला सांगता येतं, त्यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही. ऑटोहॉटकी (शॉर्टकट पाठवणारं दुसरं एक साधन) वापरत असाल तर तिथेही क्रमांक देता येतो, फक्त तो षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीने लिहायचा. ८३ तिथे ५३ होतो, ९० तिथे ५ए. ही गल्लत टाळा. मी पहिल्यांदा ८३ तसाच टाकला होता आणि काहीच होईना.

कोडला हात लावायचा नसेल तर तात्पुरती सोय आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे कायमची इनपुट पद्धत म्हणून इंग्लिश इंडिया निवडा म्हणजे साइन-इन करताच इंग्रजी असेल, आणि स्क्रिप्ट सकाळीच, मराठीवर जाण्याआधी सुरू करा. पहिल्या जातीच्या लायब्ररीला एवढं पुरतं. दुसऱ्या जातीला पुरत नाही.

याच दोषाचं एक फसवं पिल्लू आहे. वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट-डी ने आजची तारीख येते. मी तिला कमांड जोडली होती. मराठी चालू असताना डी सापडायचा नाही आणि मागे उरायचे नुसते ऑल्ट आणि शिफ्ट. विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी मुळात भाषा बदलायला दिलेली असते. म्हणजे तारीख तर यायची नाहीच, वर लेआउट बदलायचा, आणि पुढची ओळ "ाीदस" की "kjlh" अशी काहीतरी उमटायची. लेआउट आपोआप बदलतो अशी तक्रार असेल तर आधी तुमच्या कमांडमध्ये ऑल्ट-शिफ्ट आहे का ते बघा. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्येच ही जोडी काढून टाकता येते. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार आहेच.

आणि कंट्रोल-ऑल्ट-४ ला कुठलीही कमांड जोडू नका. इंग्लिश इंडिया लेआउटमध्ये त्याने रुपयाचं चिन्ह उमटतं. मी एका कमांडला जोडलं होतं आणि तपासलेल्या प्रकरणात चार ठिकाणी ₹ सापडला. लेखकाने विचारलं, हा काय प्रकार आहे?

एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालत नसेल तर

वर्डमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये चालतं, आणि पानं लावायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एफ५ देखील जात नाही. ही दुसरी तऱ्हा. इथे लेआउटचा संबंध नाही, अधिकाराचा आहे.

विंडोज व्हिस्टापासून एक नियम आहे: साध्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या खिडकीत बटणं पाठवू शकत नाही. नियम चांगला आहे, एखाद्या घातक प्रोग्रामने आपल्या नावाने बटणं दाबू नयेत म्हणून केलेला आहे. पण तो आपल्या स्क्रिप्टलाही लागू होतो, आणि इथेही पडद्यावर इशारा येत नाही. याची खूण पटवायची तर टास्क मॅनेजर उघडा आणि तो समोर असताना कमांड द्या. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यावर तो वरच्या अधिकाराने उघडतो, त्यामुळे कमांड तिथे मरते. टास्क मॅनेजर बंद केला की लगेच जिवंत.

माझ्या त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी पाहिलं तर "रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर" वर खूण होती. बसवून देणाऱ्याने कधीतरी केलेली असणार. ती काढली, सॉफ्टवेअर तरीही नीट उघडलं, आणि कमांड चालू झाल्या. उलटा उपाय म्हणून स्क्रिप्टच ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवा असं बरेच जण सुचवतात. मला तो पटत नाही. सतत माइक ऐकणाऱ्या आणि बटणं दाबणाऱ्या प्रोग्रामला एवढे अधिकार देणं धोक्याचं आहे. दुसरा मार्गच नसेल तेव्हाच करा.

लिनक्सवर असाल तर ओझरतं एवढंच: उबंटू २१.०४ पासून मुळात वेलँड या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालतो, आणि बटणं पाठवायला सर्रास वापरलं जाणारं एक्सडूटूल वेलँडच्या खिडक्यांना बटणं पोचवू शकत नाही. साइन-इन करताना एक्स११ या जुन्या व्यवस्थेचं सत्र मिळत असेल (उबंटू २५.१० पासून ते मिळत नाही) तर ते निवडून बघा, तिथे चालत असेल तर कारण तेच.

न बोलता कमांड चालते, किंवा एकदा बोललं तर तीनदा

ही तक्रार पहिल्या तक्रारीच्या अगदी उलट, आणि जास्त नुकसान करणारी.

श्रावणातली गोष्ट. मी सात पानं तपासून चहा गाळायला उठले. स्वयंपाकघरात कुकर होता. परत आले तर शेवटच्या कितीतरी दुरुस्त्या गायब. काळ्या खिडकीत पाहिलं तर "परत, परत, परत" असं ओळीने छापलेलं. "परत" ही माझी कंट्रोल झेडची, म्हणजे शेवटचं केलेलं मागे घेण्याची कमांड. घरात तेव्हा कोणीच बोललं नव्हतं. मग कुकरची शिट्टी झाली आणि डोळ्यांदेखत चौथं "परत" उमटलं.

व्होस्कला आपण शब्दांची मोजकी यादी देऊ शकतो. मग ते फक्त त्या यादीतलेच शब्द शोधतं. ओळख त्यामुळे खूप नेमकी होते. पण यादीत नुसत्या कमांडच असतील तर शिट्टी, खोकला, दाराची कडी, यातलं जे काही कानावर पडेल ते त्या कमांडपैकीच कशात तरी बसवलं जातं, कारण "यातलं काहीच नाही" म्हणायची मुभाच दिलेली नसते. ती मुभा देणारा एक खास शब्द यादीत टाकावा लागतो: चौकटी कंसात यूएनके ही रोमन अक्षरं. तो आम्ही टाकला नव्हता. टाकल्यावर शिट्ट्या तिकडे जाऊ लागल्या.

ही यादी छोट्या मॉडेलांबरोबरच (मॉडेल म्हणजे एखादी भाषा ओळखायला व्होस्कला लागणारा तयार संच) चालते हेही लक्षात ठेवा. मोठं मॉडेल उतरवून घेतलंत तर यादीचा उपयोग होत नाही आणि ओळख सुधारायच्या ऐवजी कमांड हुकतात.

एकदा बोललं तर दोन-तीनदा चालते, याचं कारण निराळं. व्होस्क बोलणं चालू असतानाच अर्धवट अंदाज देत राहतं आणि थांबल्यावर अंतिम निकाल देतं. स्क्रिप्ट अर्धवट अंदाजावरही बटण दाबत असेल तर एकाच "परत" ने तीन वेळा अनडू होतं. बटण फक्त अंतिम निकालावर दाबायचं. त्याने उत्तर किंचित उशिरा मिळतं, पण मी तो उशीर आनंदाने सोसते.

आणि एक सवय: नुकसान करू शकणाऱ्या कमांडला एकेरी शब्द कधी देऊ नका. बहिणीशी फोनवर बोलताना "परत" हा शब्द किती वेळा येतो ते मोजलं तर कळेल. माझी ती कमांड आता "यंत्र परत" अशी दोन शब्दांची आहे, आणि फोन आला की आधी "विराम" म्हणायचं. "विराम" नंतर स्क्रिप्ट "आरंभ" सोडून दुसरं काही मनावर घेत नाही.

मराठी शब्दांनी कमांड देता येते का?

येते, पण आडवाटेने. व्होस्कचं भारतीय इंग्रजीचं छोटं मॉडेल आहे, हिंदीचं आहे. मी हिंदीचं वापरते आणि शब्द असे निवडते जे दोन्ही भाषांत सारख्याच उच्चाराचे आहेत. अर्थ जुळायची गरज नाही. हिंदीत "परत" म्हणजे थर आणि "जतन" म्हणजे खटपट, यत्न. आपल्याला फक्त ध्वनी हवा. विराम, आरंभ, समाप्त, शोध असे तत्सम शब्द या कामाला उत्तम. "शोधा", "मागे जा", "पुसून टाक" असं खास मराठी मात्र टाळावं लागतं, कारण शब्द मॉडेलच्या संग्रहात नसेल तर तो कधीच ओळखला जात नाही. स्क्रिप्ट सुरू होताना काळ्या खिडकीत तसा इशारा येतो: अमुक शब्द संग्रहात नाही, म्हणून वगळला. हा इशारा बाकीच्या ओळींच्या गर्दीत पळून जातो. तुमची एखादी कमांड पहिल्या दिवसापासून एकदाही चालली नसेल, तर खिडकी वर सरकवून तो इशारा शोधा. "मी नीट बोलत नाही" अशी समजूत करून घेऊन आठवडाभर एकच शब्द घोकणारी माणसं मी पाहिली आहेत. तो शब्द यंत्राच्या कोशातच नव्हता.

इंग्रजी कमांड वापरत असाल तर नुसती अक्षरं बोलू नका. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी इंग्रजीत एकाच ईकारावर संपतात (अमेरिकन मॉडेल झेडला झी म्हणतं, म्हणजे तिथे तेही). "कंट्रोल व्ही" चं "कंट्रोल बी" झालं तर पेस्टच्या जागी मजकूर ठळक होतो. विमानवाहतुकीत आणि सैन्यात अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात ते याच कारणाने. ती वर्णमाला १९५६ पासून लागू आहे. आपल्या कामाला तीही नको, सरळ कामाचं नाव घ्या: "पेस्ट दॅट", "कॉपी दॅट".

विंडोज ११ मध्ये व्हॉइस ॲक्सेस नावाची सोय आहेच. ती २०२२ च्या २२एच२ आवृत्तीपासून मिळते, भाषा एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते, आणि तिच्यात भारतीय इंग्रजीही निवडता येते. २०२४ पासून तिच्यात स्वतःच्या कमांडही बनवता येतात. ज्यांना कोडच्या वाटेला जायचं नाही त्यांनी तिथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन. तिथे नेहमीची तक्रार अशी की "प्रेस कंट्रोल एस" म्हटलं तर सेव्ह व्हायच्या ऐवजी तेच शब्द मजकुरात टाइप होतात. ती मुळात बोललेलं लिहितेही आणि पाळतेही. "कमांड्स मोड" म्हणा, मग लिहिणं थांबतं. परत लिहायचं असेल तेव्हा "डिफॉल्ट मोड".

विंडोज-एच दाबून येणारं व्हॉइस टायपिंग आणि व्हॉइस ॲक्सेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज-एच बोललेलं लिहून घ्यायला आहे. त्याला "कंट्रोल एस" सांगितलंत तर ते बिचारं "कंट्रोल एस" असं लिहूनच देईल. गुगल डॉक्समध्येही तसंच. मराठी बोलून लिहिण्याची सोय तिथे आहे आणि चांगली आहे, पण कमांड इंग्रजीतच चालतात, आणि त्याही खात्याची भाषा आणि दस्तऐवजाची भाषा दोन्ही इंग्रजी असतील तरच. दस्तऐवजाची भाषा मराठी केली आणि कमांड बंद पडल्या, असं झालं असेल तर बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे.

माइकचं थोडक्यात

शब्द काळ्या खिडकीत भलताच दिसतो किंवा दिसतच नाही, तेव्हाच इकडे या. व्हिडिओ कॉलनंतर बिघडलं असेल तर साउंड सेटिंग्जमध्ये मुख्य माइक कोणता ते बघा. नवं उपकरण जोडलं की विंडोज कधीकधी त्यालाच मुख्य करतं. कॉलचं सॉफ्टवेअर माइकची पातळी स्वतःच वरखाली करतं, तीही तपासा.

ब्लूटूथ हेडसेट शक्यतो नको. गाणी ऐकताना तो उत्तम असतो, पण माइक चालू होताच तो फोनच्या बोलण्यासाठीच्या पद्धतीवर जातो आणि आवाजाचे नमुने बहुतेकदा सेकंदाला ८००० किंवा १६००० वर येतात. व्होस्कला १६००० लागतात. ८००० वर गेला की "जतन" आणि "परत" मधला फरक पुसट होतो. वायरचा साधा यूएसबी हेडसेट, माइक ओठांच्या कडेला दोन बोटांवर, समोर नाही. समोर धरला तर "प" आणि "फ" चा फुंकर थेट आत जातो. पंखा चालू ठेवला तरी चालतो, फक्त टेबल त्याच्या बरोबर खाली नको.

शॉर्टकट जातो, पण अर्धवट

दोन-तीन बटणांची साखळी एका कमांडला जोडली की हे होतं. माझी एक कमांड कंट्रोल-एच ने फाइंड अँड रिप्लेस उघडून तिथे दुहेरी स्पेस शोधायची. फाइल मोठी असली की ती खिडकी उघडायला क्षणभर लागतो. स्क्रिप्ट तेवढी थांबत नाही, आणि पुढची बटणं खिडकीऐवजी मजकुरातच जाऊन पडतात. मध्ये ३०० मिलिसेकंदांचा विसावा घातला आणि थांबलं. माझा कॉम्प्युटर जुना आहे, तुमच्याकडे २०० ही पुरतील. व्हॉइस ॲक्सेसमध्ये स्वतःची कमांड बनवतानाही असा थांबण्याचा वेळ घालता येतो.

दुसरा अर्धवटपणा जास्त भीतिदायक वाटतो. अचानक माउसचं चाक फिरवलं की पान लहानमोठं होऊ लागतं, आणि टाइप केलेलं प्रत्येक अक्षर काहीतरी भलतंच करतं. कंट्रोल अडकलेला असतो. स्क्रिप्टने १७ खाली दाबला आणि सोडायच्या आधीच ती कुठल्याशा चुकीने थांबली. अशा वेळी काहीही टाइप करू नका, एकेका अक्षराने खिडक्या बंद होऊ शकतात. कीबोर्डवरचा डावा आणि उजवा कंट्रोल एकेकदा दाबून सोडा, मग तसाच शिफ्ट आणि ऑल्ट. मोकळं होतं. स्क्रिप्टमध्ये बटण सोडण्याची ओळ पायथनच्या "फायनली" या भागात लिहून घ्या, म्हणजे मध्ये काहीही चुकलं तरी ती ओळ चालतेच. त्यानंतर हा प्रसंग माझ्यावर पुन्हा आलेला नाही. शिफ्ट सोडवताना लागोपाठ पाच वेळा दाबलात तर स्टिकी कीज चालू करायचं का असं विंडोज विचारेल, त्याला नाही म्हणा.

जे आवाजाने होणारच नाही

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट कुठल्याही साध्या स्क्रिप्टला पाठवता येत नाही. ती जोडी विंडोजने स्वतःकडे राखून ठेवली आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी विचारणारी ती अंधारलेली चौकटही तशीच. विंडोज-एल म्हणजे पडदा कुलूपबंद करण्याचा शॉर्टकटही पाठवून चालत नाही, पण तिथे वाट आहे: बटणं न पाठवता स्क्रिप्टमधून विंडोजचं लॉकवर्कस्टेशन हे फंक्शनच बोलवायचं. ते त्याच युजर३२ फाइलमध्ये आहे आणि त्याला कसलीही वेगळी परवानगी लागत नाही. माझी "यंत्र समाप्त" ही कमांड आता तेच करते. सकाळी कुलूप उघडताना मात्र पिन हाताने टाकावा लागतो. चार आकडे, डाव्या हाताने.